आई-बाबांना ग्रीन कार्ड मिळालं, पण विम्याचं काय? अमेरिकेतल्या पहिल्या पाच वर्षांची पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

मुलीने सिटिझनशिप घेतली, आई-बाबांसाठी अर्ज टाकला, मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत झाली, पासपोर्टवर इमिग्रंट व्हिसा आला. तिकीट काढेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग मंडळाच्या हळदीकुंकवात कुणीतरी सहज विचारतं, "काकांच्या इन्शुरन्सचं काय केलंत?" आणि त्या रात्री घरात कुणाला झोप लागत नाही.

कारण सत्तरीच्या माणसाला अमेरिकेत विमा मिळण्याचे ओळखीचे दरवाजे पहिली पाच वर्षं बंद असतात. नोकरीतून मिळणाऱ्या बहुतेक विम्यांत बायको आणि मुलं येतात, आई-वडील येत नाहीत. मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी योजना, नव्या ग्रीन कार्डवाल्याला बहुतेक राज्यांत पाच वर्षं मिळत नाही. हा नियम १९९६ सालापासूनचा आहे. ज्येष्ठांसाठीची मेडिकेअरही पाच वर्षं सलग राहिल्याशिवाय विकत घेता येत नाही. "मी इथे वीस वर्षं टॅक्स भरतोय, त्यावर आईला मेडिकेअर मिळेल" हा समज तर घरोघरी आहे. तसं होत नाही. स्वतःच्या किंवा नवरा-बायकोच्या कामाचे ४० क्रेडिट्स (साधारण दहा वर्षांचं काम) लागतात, मुलाचे चालत नाहीत.

उरतो तो मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारी संकेतस्थळावरून घ्यायचा विमा, ज्याला आपण ओबामाकेअर म्हणतो. तो ६५ वर्षांवरच्या माणसालाही घेता येतो, अट एवढीच की त्याला मेडिकेअर फुकट मिळत नसावी. ही गोष्ट फोन उचलणाऱ्या सगळ्यांनाच ठाऊक असते असं नाही. जन्मतारीख ऐकली की पलीकडून "मेडिकेअरला फोन करा" असं सांगून मोकळे होतात. अशा वेळी सोशल सिक्युरिटी ऑफिसकडून "सध्या पात्र नाही" असं पत्र लेखी घ्यावं आणि अर्जासोबत जोडावं. पुढची बरीच फोनाफोनी वाचते.

या विम्यात मधुमेह, बायपास, गुडघा असे जुने आजार असले तरी अर्ज नाकारता येत नाही, की त्यासाठी प्रीमियम वाढवता येत नाही. व्हिजिटर इन्शुरन्स आणि हा विमा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे तो इथे. "न्यू इमिग्रंट प्लॅन" नावाने जे स्वस्तात विकलं जातं, त्याच्या बारीक अक्षरांत जुने आजार वगळलेले असतात. पहिल्या महिन्याची फट बुजवायला तो ठीक आहे, पाच वर्षं काढायला नाही.

२०२६ मध्ये काय बदललं

२०२५ पर्यंत गणित सोपं होतं. आई-बाबांचं उत्पन्न कमी, मेडिकेड मिळत नाही, म्हणून केंद्र सरकार मार्केटप्लेसच्या प्रीमियमवर भरपूर सबसिडी द्यायचं. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या खाली असलं तरीही. कित्येक मराठी घरांतल्या आजी-आजोबांचा विमा त्यावर नाममात्र पैशांत चालला.

४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने ती सोय काढून घेतली. १ जानेवारी २०२६ पासून, इमिग्रेशन स्टेटसमुळे मेडिकेड न मिळणाऱ्या माणसाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १०० टक्क्यांखाली असेल तर त्याला सबसिडी नाही. विमा घेता येतो, पण पूर्ण किमतीला.

दुसरा फटका वरच्या टोकाला. २०२१ मध्ये सुरू झालेली वाढीव सबसिडी ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. तिच्यावरूनच त्या शरद ऋतूत केंद्र सरकारचं कामकाज ४३ दिवस ठप्प होतं. ती गेल्यामुळे जुनी मर्यादा परत आली: दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांवर उत्पन्न गेलं की सबसिडी शून्य.

आकड्यांत सांगतो. २०२६ च्या विम्यासाठी २०२५ ची दारिद्र्यरेषा धरतात, दोघांच्या कुटुंबाला ती २१,१५० डॉलर आहे. म्हणजे सबसिडीचा पट्टा २१,१५० पासून ८४,६०० डॉलरपर्यंत. बरोबर २१,१५० उत्पन्न असेल तर सरकारने आधारभूत धरलेल्या सिल्व्हर (मधल्या दर्जाच्या) प्लॅनसाठी उत्पन्नाच्या २.१ टक्के, म्हणजे दोघांचे मिळून महिन्याला सुमारे ३७ डॉलर भरायचे. २१,१४९ असेल तर पूर्ण प्रीमियम. या वयाला बहुतेक राज्यांत एकवीस वर्षांच्या मुलाच्या तिप्पट दर लागतो (न्यू यॉर्क आणि व्हरमाँटमध्ये वयानुसार दर नसतो), त्यामुळे दोघांचे मिळून महिना दोन हजार डॉलरच्या वर गेले तर नवल वाटू नये. एका डॉलरच्या फरकाने हे घडतं. कायदा करणाऱ्यांनी कधी स्वतःच्या आईचा फॉर्म भरला नसावा.

आधी उत्पन्नाचा हिशोब, मग अर्ज

ग्रीन कार्ड हातात आलं की जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. बाबांचं पेन्शन, मुदत ठेवींचं व्याज, नाशिकच्या फ्लॅटचं भाडं, सगळंच. मुलाने दर महिन्याला दिलेले पैसे मात्र उत्पन्न नव्हे.

आता एक नेहमीचं घर घेऊ. बाबा निवृत्त प्राध्यापक, पेन्शन महिना ६०,००० रुपये, आईचं स्वतःचं काही नाही. डॉलर ९० रुपये धरला तर वर्षाचे ८,००० डॉलर झाले. २१,१५० डॉलर गाठायला साधारण १९ लाख रुपये लागतात. आपल्याकडच्या किती निवृत्त जोडप्यांना तेवढे मिळतात? म्हणजे दोघांनी स्वतःचं रिटर्न भरलं तर रेषेच्या खाली, सबसिडी नाही.

"मग त्यांना माझ्या रिटर्नमध्ये डिपेंडंट, म्हणजे माझ्यावर अवलंबून, दाखवतो." तिथे दुसरी अट. २०२५ च्या नियमाप्रमाणे ज्याचं करपात्र उत्पन्न ५,२०० डॉलर किंवा जास्त आहे तो आई-वडिलांपैकी कुणीही डिपेंडंट होत नाही (हा आकडा दर वर्षी थोडा सरकतो). बाबा ८,००० वर आहेत, बाद.

तिसरी शक्यता विधवा आईची, जिला स्वतःचं फारसं उत्पन्न नाही आणि जिचा निम्म्याहून जास्त खर्च मुलगा करतो. ती डिपेंडंट होते. मग विम्याच्या हिशोबात कुटुंब म्हणजे मुलगा, सून, नातवंडं आणि ती. पाच जणांच्या कुटुंबाला ४०० टक्क्यांची रेषा १,५०,६०० डॉलरवर येते. घरात एकच पगार असेल तर तो खाली बसू शकतो आणि आईला थोडीफार सबसिडी मिळते. दोघं आयटीत असतील तर बहुधा नाही. ही शक्यता लोक तपासतच नाहीत, कारण अर्ज आईच्या नावाने करायचा असं डोक्यात असतं. अशा वेळी अर्ज मुलाने भरायचा, घरातल्या सगळ्यांची नावं टाकायची आणि "विमा कुणाला हवा" या प्रश्नापुढे फक्त आईवर टिक करायची.

दोघांचं उत्पन्न वेगळं दाखवून पळवाट काढावी असं वाटेल. पण एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोने वेगवेगळी रिटर्न्स भरली तर सबसिडी जाते. आणि कुणी एजंट "बावीस हजार लिहून टाका, कोण बघतंय" म्हणाला तर तिथून उठा. अर्जावरची सही खोटं न बोलल्याच्या शपथेवर असते.

खरं उत्पन्न रेषेच्या जवळ असेल तर मात्र वर्षाचं नियोजन करण्यात काही गैर नाही. बाबांना पार्ट-टाइम काम झेपत असेल तर दुहेरी फायदा: उत्पन्न वाढतं आणि मेडिकेअरचे क्रेडिट्सही जमतात. २०२६ मध्ये १,८९० डॉलरला एक क्रेडिट, वर्षाला जास्तीत जास्त चार.

उलट बाजूचा खड्डा जास्त खोल आहे. कोथरूडचा जुना फ्लॅट विकला, नफा झाला, त्या वर्षीचं उत्पन्न ८४,६०० च्या वर गेलं. सबसिडी अंदाजे उत्पन्नावर आगाऊ मिळते आणि जास्त मिळालेली परत करावी लागते; त्यात पूर्वी कमी उत्पन्नवाल्यांना काही मर्यादा असायची. २०२६ च्या कर-वर्षापासून ती कुणालाच नाही, मिळालेली सगळी रक्कम परत. घर विकायचंच असेल तर शक्यतो अमेरिकेत येण्याआधी विका, किंवा विक्रीच्या वर्षी सबसिडी आगाऊ घेऊ नका.

राज्यांचे अपवाद आहेत. न्यू यॉर्क राज्य २००१ च्या एका कोर्ट निकालापासून पाच वर्षांच्या आतल्या ग्रीन कार्डवाल्यांनाही स्वतःच्या पैशातून मेडिकेड देतं. कॅलिफोर्नियात २०२३ पासून वैयक्तिक विम्यात अवलंबून असलेल्या आई-वडिलांना जोडता येतं, नोकरीच्या विम्यात नव्हे. टेक्सासमध्ये यातलं काही नाही.

कागदपत्रं

ग्रीन कार्ड पोस्टाने यायला वेळ लागतो, त्यासाठी थांबू नका. इमिग्रंट व्हिसावर विमानतळावर प्रवेशाचा शिक्का बसला की तो पासपोर्टच एक वर्ष ग्रीन कार्डाचं काम करतो. अर्जात लागणारा ए-नंबर (इमिग्रेशन खात्याचा नोंदणी क्रमांक) व्हिसावर छापलेला असतो.

सोबत लागतं ते असं: सोशल सिक्युरिटी नंबर (आला नसेल तर अर्ज केल्याचं लिहा), पत्त्याचा पुरावा आणि उत्पन्नाचा पुरावा. आई-बाबांच्या नावावर वीजबिल असणार नाही, म्हणून मुलाने "हे माझ्याकडे अमुक तारखेपासून राहतात" असं पत्र द्यायचं आणि आपला पत्त्याचा पुरावा जोडायचा. उत्पन्नासाठी पेन्शन स्लिप, बँकेचं व्याज प्रमाणपत्र, भाडेकरार. मराठीतला करार असेल तर इंग्रजी भाषांतर आणि रुपयांचे डॉलर कसे केले त्याचा एक साधा कागद. हा शेवटचा कागद कुणी मागत नाही, पण तो असला की पुढचा प्रश्न येत नाही.

नावाची गोम आधीच पाहून घ्या. आपल्या पासपोर्टवर पहिलं नाव आणि नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं, "सुनीता प्रकाश". सोशल सिक्युरिटी कार्डावर प्रकाश मधल्या नावात जातो, ग्रीन कार्डावर पुन्हा पहिल्यात. तिन्ही कार्डं समोर ठेवा आणि अर्जात प्रत्येक ठिकाणी त्या-त्या कार्डावर आहे तसंच लिहा. फॉर्म "कार्डावर वेगळं नाव आहे का" असं विचारतो, तिथे हो म्हणा. सिस्टीमला नाव जुळलं नाही तर कागद द्यायला साधारण ९० दिवस मिळतात. ते पत्र पोस्टाने येतं आणि जाहिरातींच्या गठ्ठ्यात हरवतं.

अर्ज कधी, कुठे

परदेशातून राहायला आल्यापासून ६० दिवस. हे दिवस जेट लॅग, मंदिर आणि नातेवाइकांत संपतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात बसा. प्लॅन निवडला की विमा पुढच्या महिन्याच्या १ तारखेला सुरू होतो: ५ जूनला उतरलात, ३० जूनच्या आत निवड केली, तर १ जुलै. तोपर्यंत अल्पमुदतीचा व्हिजिटर विमा ठेवा. पहिला हप्ता भरल्याशिवाय विमा चालू होत नाही, नुसत्या निवडीने काही होत नाही.

६० दिवस हुकले तर १ नोव्हेंबरला उघडणाऱ्या वार्षिक नोंदणीची वाट पाहायची. आणि ती खिडकीही आखडली आहे: केंद्राच्या संकेतस्थळावर २०२७ च्या विम्यासाठी ती १५ डिसेंबरलाच बंद होते, पूर्वीसारखी जानेवारीपर्यंत नाही.

टेक्सास, फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलायना इथले लोक हेल्थकेअर डॉट गव्हवर जातात. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, आणि २०२६ पासून इलिनॉय यांची स्वतःची संकेतस्थळं आहेत. फॉर्म भरायला सरकारमान्य मदतनीस फुकट मिळतो.

प्लॅन निवडताना प्रीमियमच्या आधी औषधं बघा. "टेल्मा" आणि "ग्लायकोमेट" टाकून काही सापडणार नाही. येताना डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून आणा, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन. खालच्या दर्जाचा ब्रॉन्झ प्लॅन स्वस्त दिसतो, पण वर्षभरात खिशातून जाऊ शकणारी कमाल रक्कम २०२६ मध्ये एका माणसाला १०,६०० डॉलरपर्यंत आहे, हे धरून बोला. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या २५० टक्क्यांच्या आत आणि सबसिडी मिळत असेल तर सिल्व्हरच घ्या; खिशातला खर्च कमी करणारी वेगळी सवलत फक्त त्यातच आहे.

वर्ष संपल्यावर १०९५-ए नावाचा कागद येतो. सबसिडी घेतली असेल तर फॉर्म ८९६२ सह रिटर्न भरणं सक्तीचं, उत्पन्न कितीही कमी असो.

आय-८६४ वर (आई-बाबांच्या खर्चाची हमी देणाऱ्या फॉर्मवर) सही केलेल्या मुलांची एक भीती असते की सबसिडी घेतली तर सरकार वसुली आपल्याकडून करेल. ती वसुली मेडिकेडसारख्या योजनांची असते, मार्केटप्लेसची सबसिडी त्यात मोडत नाही.

जाता जाता एच-१बीवाल्यांसाठी: १ जानेवारी २०२७ पासून तुमच्या आणि एच-४ वरच्या बायको-मुलांच्या वाट्याची सबसिडीही बंद होत आहे. ग्रीन कार्डवाले त्यातून वाचले.

पाच वर्षं भरली की

ज्या महिन्यात पाच वर्षं पूर्ण होतात त्याच्या आधीचे तीन, तो महिना आणि नंतरचे तीन, अशा सात महिन्यांत सोशल सिक्युरिटी ऑफिसमध्ये मेडिकेअरचा अर्ज करायचा. २०२६ च्या दराने पार्ट ए (हॉस्पिटलचा खर्च) महिना ५६५ डॉलर, पार्ट बी (डॉक्टरांचा खर्च) २०२.९०. ए महाग वाटला तर नुसता बी घेता येतो. बी ला उशीर केला तर दर पूर्ण वर्षामागे १० टक्के दंड, तोही कायमचा.

पाच वर्षं "सलग" हा शब्द कळीचा आहे. गणपतीला गेले ते होळी करून परतले, असे सहा महिन्यांच्या वरचे मुक्काम झाले की प्रश्न निघतात. प्रत्येक येण्या-जाण्याची तारीख एका वहीत टिपा आणि नूतनीकरणानंतर कोपरा कापून परत आलेला जुना पासपोर्ट माळ्यावर टाकू नका, खिडकीवरची बाई तोच मागते.