'काहीही कर' म्हटलं की काहीच सुचत नाही, त्याचं काय?

गेल्या दिवाळीत भाच्याने लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला आणि माइनक्राफ्ट नावाचा गेम चालू करून दिला. म्हटलं यात करायचं काय? "काहीही कर मामा." काहीही म्हणजे? "अरे काहीही!" म्हणाला आणि पळाला. मग मी थोडा चाललो, एक झाड तोडलं, उगाच एका मेंढीच्या मागे गेलो, तेवढ्यात अंधार पडला (या गेममध्ये दिवस-रात्र मिळून 20 मिनिटांतच उरकतं हे मला कोण सांगणार) आणि एक हिरवं ध्यान जवळ येऊन फुटलं, मी खलास. लॅपटॉप बंद केला, चकली घेतली.

पण हाच गेम जगात 30 कोटींच्या वर खपलाय, म्हणजे मजा तर आहेच, मग मला का नाही आली?

रोजे कायवा नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1958 मध्येच, म्हणजे व्हिडिओ गेम घरोघरी यायच्या कितीतरी आधी, सगळे खेळ एका पट्टीवर मांडले होते. एका टोकाला पायडिया, म्हणजे मनाला येईल तसं बागडणं, आणि दुसऱ्या टोकाला लूडस, म्हणजे नियम, डाव, हारजीत. आपल्याकडचं बघायचं तर भातुकली आणि हुतूतू. भातुकलीत कोण जिंकलं असं कोणी विचारत नाही, हुतूतूत दुसरं काही विचारतच नाहीत. सँडबॉक्स गेम, म्हणजे माइनक्राफ्टसारखा 'काहीही कर' म्हणून मोकळं सोडणारा गेम, ही मुळात भातुकली आहे, फक्त तिला ग्राफिक्स कार्ड लागतं. आणि लहानपणी भातुकलीत न रमणारी पोरं पण होतीच की!

व्हाइस सिटी हा गाड्या पळवायचा गेम आठवतोय? 2003 नंतर सायबर कॅफेत अर्धी पोरं तेच खेळायची. आम्ही दोघं मित्र शेजारी बसायचो, तो एकेक मिशन पूर्ण करत जायचा, त्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरने बॉम्ब ठेवायच्या मिशनवर अडकला तर आठवडाभर तेच, आणि मी कीबोर्डवर पँझर हा चोरकोड टाइप करून रणगाडा मागवायचो आणि बीचवर फिरवत बसायचो. गेम एकच, दोघांनाही मजा, पण त्याला माझं खेळणं म्हणजे पैसे वाया वाटायचे आणि मला त्याचं म्हणजे होमवर्क.

या फरकावर गेम बनवणाऱ्यांनी खूप डोकं लावलंय. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने नुसत्या अक्षरांवर चालणारं एक जग लिहायला घेतलं, अनेकांनी एकदम खेळायचं, पुढे ते रिचर्ड बार्टलने सांभाळलं. याच बार्टलने 1996 मध्ये खेळाडूंचे चार प्रकार पत्त्यांवरून पाडले. चौकट म्हणजे खजिना, पॉइंट, लेव्हल गोळा करणारे. इस्पिक म्हणजे खोदणारे, पलीकडे काय आहे ते बघणारे (इंग्रजीत इस्पिकला फावड्याचाच शब्द आहे ना). बदाम गप्पा मारायला येतात, किलवर दुसऱ्याला सोटा हाणायला. हे काही लॅबमधलं संशोधन नाही, खेळाडूंच्या आपापसातल्या चर्चेवरून काढलेलं आहे, आणि माणूस एकाच पत्त्यात बसत नाही हेही खरं, पण मोकळं जग इस्पिकवाल्याला फुकटची मेजवानी वाटतं आणि चौकटवाला तिथे स्कोअरबोर्ड शोधत फिरतो एवढं यातून नीट कळतं.

मानसशास्त्रात याला जरा भक्कम आधार आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांचं म्हणणं असं की माणसाला आतून तीन गोष्टी लागतात, आपलं आपण ठरवता येणं, आपल्याला जमतंय असं वाटणं, आणि कोणाशी तरी जोडलेलं असणं. 2006 मध्ये रायन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हेच गेम खेळणाऱ्यांवर तपासलं तेव्हा दिसलं की या गरजा जेवढ्या भागतात तेवढी मजा जास्त येते. सँडबॉक्समध्ये पहिली गोष्ट पोत्याने मिळते. पण दुसरीचं काय? बाण दाखवणारं कोणी नाही, शाबास म्हणणारं कोणी नाही, मग आपण बरं खेळतोय की नुसती मेंढी हाकतोय हे कळणार कसं? ज्याच्या डोक्यात आधीच "मला किल्ला बांधायचाय" असं काही असतं तो स्वतःची मोजपट्टी स्वतःच घेऊन येतो, माझ्यासारखा रिकाम्या हाताने आलेला माणूस बसतो तोंड बघत.

आणि जग जितकं मोठं तितकी मजा मोठी हे गणित तर साफ चुकतं. 2016 च्या नो मॅन्स स्काय या अंतराळात फिरायच्या गेममध्ये ग्रह किती, तर 18 वर 18 शून्यं! गणिताच्या सूत्रातून तयार होणारे. पण पाच-पन्नास ग्रह पाहिले की पुढचा ग्रह साधारण कसा असेल याचा मेंदूला अंदाज यायला लागतो, आणि अंदाज आला की कुतूहल गेलंच.

अजून एक कारण आहे ज्याबद्दल फार कोणी बोलत नाही, ते म्हणजे रस्ता. आपण जगाचा नकाशा डोक्यात ठेवतो तो मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाच्या मदतीने, तिथल्या पेशी ठराविक जागी गेलं की चेततात, या शोधाला 2014 चं नोबेल मिळालं. पण हे कौशल्य सगळ्यांचं सारखं नसतं. सी हिरो क्वेस्ट नावाचा बोट चालवायचा मोबाइल गेम मुद्दाम यासाठीच बनवला होता, त्यातल्या 38 देशांतल्या जवळपास 4 लाख लोकांची माहिती तपासून 2022 मध्ये दिसलं की शहराबाहेर वाढलेले लोक सरासरीने रस्ता चांगला शोधतात, आणि शिकागोसारख्या चौकोनी आखलेल्या शहरात वाढलेल्यांना सरळ आखणीच्या लेव्हल त्यातल्या त्यात बऱ्या जमतात. मी पेठेतल्या बोळांत वाढलो तरी पार्किंगमध्ये गाडी सापडत नाही, सरासरी म्हणजे सरासरी. तर ज्याला खऱ्या गावात रस्ता सापडत नाही त्याला मैलोन्‌मैल पसरलेल्या गेममध्ये "जा, फिर" म्हणणं म्हणजे शिक्षाच. काहींना तर थेट मळमळतं, कारण डोळे सांगतात आपण पळतोय आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की सोफ्यावर बसलोय. पात्राच्या चालीबरोबर कॅमेरा हलतो ते बंद करून आणि दिसण्याचा कोन वाढवून बऱ्याच जणांना फरक पडतो.

भाऊबीजेला भाचा परत मागे लागला. यावेळी त्याच्या जगात तो घर बांधत होता, आणि मला म्हणाला, "मामा, तू फक्त 64 दगड आण, बाकी मी बघतो." (गेममधल्या पिशवीच्या एका खणात तेवढेच मावतात.) गेलो, खणले, आणले. मग म्हणाला अजून दोन वेळा लागतील, परत गेलो, वाटेत एक गुहा दिसली, आत डोकावलो, रस्ता चुकलो, कसाबसा परत आलो. बहीण जेवायला तीनदा हाका मारून गेली आणि मी भाच्याला विचारतोय, छपराला किती लागतील रे?