गाडी कुठे पोचली?

ऑफिसचा फोन मी घेते, गाड्या मामंजी आणि धाकटे दीर बघतात. दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारा प्रश्न वर लिहिला आहे. त्याचं नीट उत्तर एकदाच छापून द्यावं म्हणून हा कागद.

धंदा मालवाहतुकीचा, गोव्यातल्या डिचोलीचा. 2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हा दारात खनिज वाहणारे दोन टिपर उभे होते आणि बँकेचे हप्ते चालूच होते. मामंजींनी टिपर विकून सहा चाकी ट्रक घेतला आणि बेळगावची फेरी धरली. आज तीन ट्रक आणि एक टेम्पो आहे. एवढी ओळख पुरे.

बेळगावची गाडी जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटातून केरीला उतरते आणि साखळीवरून इकडे येते. उन्हाळ्यात रात्री भरलेला माल सकाळी दुकान उघडायच्या आत दारात असतो. पावसाळ्यात हा हिशेब धरू नका. दरड आली, रस्ता खचला की अवजड गाड्यांना घाट बंद होतो. मग खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड, मोले असा वळसा पडतो. तोही बंद असला तर आंबोलीने सावंतवाडी. वळशाचं डिझेल आम्ही भाड्यात आधीच घालून ठेवत नाही. वळसा पडला तरच लावतो आणि गाडी वळवण्याआधी तुम्हाला फोन करतो.

ड्रायव्हरला थेट फोन करू नका. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर उतार उतरत असताना फोन घ्यायचा नाही, असं आम्हीच त्यांना बजावलंय. खाली केरीला पोचला की तो स्वतः कळवतो.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीच्या आठवड्यात गाडी हवी असेल तर निदान दहा दिवस आधी सांगा. तेव्हा भाजी, नारळ, फटाके, पाहुण्यांसाठी घेतलेला नवा फ्रिज, सगळ्यांनाच गाडी हवी असते.

वजन खरं सांगा. सहा चाकी ट्रकला 18.5 टनांची मर्यादा आहे ती गाडीच्या स्वतःच्या वजनासकट. मालासाठी त्यातून उरेल तेवढंच. ‘नऊ टन असेल’ म्हणून भरलेला माल काट्यावर अकरा निघाला की भाडं बदलतं, आणि मर्यादा ओलांडली तर माल उतरवावा लागतो. ती हमाली कोणी द्यायची, यावरून भांडण ठरलेलं.

पन्नास हजारांच्या वरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागतं, हे बहुतेकांना ठाऊक आहे. चूक होते ती पुढे. मुदत 200 किलोमीटरला एक दिवस अशी मिळते. भिवंडी ते डिचोली साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे तीन दिवस. हे दिवस त्या बिलात गाडीचा नंबर भरल्यापासून सुरू होतात. एका गिऱ्हाइकाने शनिवारी नंबर भरला आणि माल सोमवारी संध्याकाळी दिला. गाडी वाटेत असतानाच मुदत संपली. गाडी भरून झाल्यावरच नंबर भरा. मुदत वाढवायची असेल तर ती संपण्याआधीचे आणि नंतरचे आठ तास एवढीच सवड असते.

आता विम्याचं, आणि हे दोनदा वाचा. आमच्या ट्रकचा विमा ट्रकचा आहे, तुमच्या मालाचा नाही. मालाची जास्त किंमत आधी लिहून देऊन त्याप्रमाणे जादा दर ठरवला नसेल, तर नियमाप्रमाणे वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. भाडं सहा हजार असेल तर साठ हजार. माल चार लाखांचा असला तर उरलेले तीन लाख चाळीस हजार कुठून आणणार? प्रवासाचा विमा वेगळा काढा. किंमत बिल्टीवर, म्हणजे माल बुक केल्याच्या पावतीवर, लिहायला लाजू नका, आम्ही ती कोणाला सांगत नाही. नुकसानीची तक्रार बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत लेखी द्यावी लागते, तोंडी सांगितलेलं धरत नाहीत.

माल उतरवताना खोकी मोजा. फुटलेलं, भिजलेलं, कमी, जे असेल ते पोचपावतीवर लिहा आणि मगच सही करा. ड्रायव्हर घाई करत असेल तर मला फोन करा, त्याला थांबवायचं काम माझं. उतरवायची हमाली माल घेणाऱ्याकडे. गाडी चार तासांपेक्षा जास्त खोळंबली तर हॉल्टिंग, म्हणजे थांबण्याचा आकार, लागेल. दुपारी जेवायला दुकान बंद करता तो वेळ त्यात धरत नाही, गोव्यात तसं केलं तर धंदाच होणार नाही.

ऑफिस सकाळी साडेआठला उघडतं. रात्री घाट उतरलेली गाडी मामंजींना कळवते, मला नाही. ते पहाटे पूजेला बसतात, तेव्हा आठच्या आधी विचारलंत तर माझ्याकडे उत्तर नसेल.