सूक्ष्मद्रव चिप-निदान (ग्रामीण विदर्भ)

काच, प्लास्टिक किंवा कागदाच्या लहानशा पट्टीवरील अतिसूक्ष्म मार्गिकांतून रक्ताचा थेंब नेऊन रोग ओळखण्याची पद्धत. मार्गिकांची रुंदी साधारणतः दहा ते काहीशे मायक्रोमीटर असते. इतक्या अरुंद जागेत द्रव खळबळत नाही, थराथराने सरकतो.

तंत्राच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक स्टॅनफर्ड विद्यापीठात सिलिकॉन चकतीवर कोरलेल्या वायुवर्णलेखकापासून (गॅस क्रोमॅटोग्राफ, १९७९) आरंभ धरतात. मात्र त्यात वायूचे पृथक्करण होत असे. नमुना घेणे, घटक वेगळे करणे आणि निष्कर्ष वाचणे एकाच चिपवर व्हावे, ही कल्पना आंद्रेआस मान्झ व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. रक्तनिदानाच्या दृष्टीने हाच आरंभ अधिक ग्राह्य वाटतो. कागदी चिपची आजची धारा हार्वर्डमधील व्हाइटसाइड्स यांच्या गटाच्या २००७ मधील कामाशी जोडतात. गर्भचाचणीची साधी पट्टीही यात मोजावी का, हा वाद शिल्लक आहे.

विदर्भात या तंत्राची खरी गरज सिकलसेलसाठी (तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणारा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक विकार) आहे. शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयीची नोंद १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. येथील अभ्यासाचा इतिहास सहसा तेथून सांगतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट या भागांत आदिवासींबरोबर अन्य समाजांतही हा विकार आढळतो. गावपातळीवरची सोल्युबिलिटी चाचणी (सिकलसेलच्या एस हिमोग्लोबिनने द्रावण गढूळ होते का ते पाहणारी) स्वस्त आहे. पण एएस (एकच सदोष जनुक असलेला वाहक) आणि एसएस (दोन्ही जनुके सदोष असलेला रुग्ण) या दोघांचीही ती पॉझिटिव्हच येते. तान्ह्या बाळांत गर्भकालीन हिमोग्लोबिन जास्त असल्याने तेथे तिचा भरवसा नसतो. पक्क्या निदानासाठी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जातो. अहवाल येईपर्यंत मजुरीसाठी स्थलांतर केलेले कुटुंब आशाताईंना पुन्हा भेटेलच असे नाही, आणि आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून पहिल्याच भेटीत मिळणारे उत्तर मोलाचे आहे.

चिपवरील विद्युत्संचारणात (विजेच्या साहाय्याने घटक वेगळे करण्यात) अल्कधर्मी द्रावणात नेहमीचे ए हिमोग्लोबिन धनाग्राकडे वेगाने जाते, एस मागे राहते. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याने एसवरचा ऋणभार कमी झालेला असतो. एक पट्टा ए, एक एस दिसल्यास सहसा वाहक. ए नसून एस ठळक असल्यास रुग्ण. काही मिनिटांत निकाल मिळतो आणि उपकरण बॅटरीवर चालते. मात्र डी हा हिमोग्लोबिनचा वेगळा प्रकार एसच्याच जागी येतो आणि ए-२, सी व ई हे प्रकार एकमेकांत मिसळतात, त्यामुळे शंकास्पद नमुन्यांची एचपीएलसी (प्रयोगशाळेतील अधिक अचूक पृथक्करण चाचणी) टळत नाही. शिवाय विदर्भाच्या उन्हाळ्यात पट्टी व द्रावण सुकू न देणे हे कसोटीचे काम ठरते.

क्षयरोगासाठी गोव्यातील मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे चिपवर आधारित पीसीआर (जंतूच्या डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखणारे) उपकरण राष्ट्रीय कार्यक्रमात वापरतात. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. काटेकोर अर्थाने ते सूक्ष्मद्रव चिपमध्ये बसते का, यावर मते भिन्न आहेत.