लॉक आणि ब्लॉक: समुद्रावर असताना कार्डाचं नेमकं काय ‘बंद’ करायचं?

क्रूझवर गेलेल्या ताईचा फोन आला तेव्हा मी मंडईत गवार निवडत होतो. व्हॉट्सअ‍ॅप कॉल, आवाज तुटक, मागे कुठलातरी बँड. “अरे, कार्डावरून बावीस हजार गेले! आम्ही अजून चहासुद्धा घेतला नाही. ह्यांनी लगेच बँकेला फोन लावून कार्ड बंद केलं. आता इथली मुलगी म्हणते, तुमचं खोलीचं कार्ड चालत नाही.”

“बंद केलं म्हणजे नक्की काय केलं?” मी विचारलं.

“बंद म्हणजे बंद!”

इथेच घोटाळा आहे. मराठीत आपण दुकान बंद करतो, पंखा बंद करतो, आणि एखाद्याशी बोलणंही बंद करतो. दुकान सकाळी पुन्हा उघडतं, बोलणं उघडेलच असं नाही. कार्ड बंद करण्याच्याही दोन तऱ्हा आहेत, आणि बँकांनी दोन्हींना नावं अशी दिली आहेत की गोंधळ व्हावाच. एक लॉक. काही अ‍ॅपमध्ये ती ‘टेम्पररी ब्लॉक’ या नावाने बसलेली असते, म्हणजे आणखीच पंचाईत. दुसरी खरी ब्लॉक. बँकेतले लोक तिला ‘हॉटलिस्ट’ म्हणतात. माझी नोकरीची शेवटची काही वर्षं कार्डांच्या टेबलावर गेली आणि काउंटरपलीकडून सर्वाधिक ऐकलेलं वाक्य हेच: “मी तर बंद केलं होतं.”

लॉक म्हणजे पेठेतल्या वाड्याला कुलूप घालून गावाला जाणं. किल्ली खिशात, परत आलात की दार उघडा. ब्लॉक म्हणजे त्या दाराच्या जागी विटा रचून भिंत बांधणं. वाडा तुमचाच राहतो, पण ते दार गेलं, नवं पाडावं लागेल. लॉक केलेल्या कार्डाचा नंबर जिवंत असतो, फक्त नवी खरेदी नाकारली जाते, आणि अ‍ॅपमधून ते तुम्ही पाच सेकंदांत पुन्हा चालू करू शकता. ब्लॉक केलेला नंबर मेला. बँक नव्या नंबराचं कार्ड काढते आणि पुण्याच्या पत्त्यावर पाठवते, जिथे त्या वेळी तुमच्या दाराला खरंखुरं कुलूप असतं.

ही लॉकची सोय हाती आली ती रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकामुळे. देशातला वापर, परदेशातला, दुकानातल्या मशीनवरचा, ऑनलाइन, टॅप करून होणारा, असे वेगवेगळे स्विच आणि प्रत्येकाची मर्यादा ग्राहकाला चोवीस तास बदलता आली पाहिजे, असं त्यात सांगितलं. म्हणजे मुख्य दाराला कुलूप न घालता नुसती मागची खिडकीही लावता येते. तरी बहुतेक मंडळी हे स्विच ट्रिपच्या आधी एकदा सगळे चालू करतात आणि नंतर त्यांच्याकडे बघतही नाहीत.

आता ताईचे बावीस हजार. ते गेलेच नव्हते.

क्रूझवर रोख पैसे फारसे चालत नाहीत. जहाजावर चढताना तुमचं क्रेडिट कार्ड नोंदवून घेतात आणि त्याला खोलीचं कार्ड जोडतात. मग कॉफी, फोटो, स्पा, किनाऱ्यावरची सहल, सगळं खोलीच्या खात्यावर चढतं. दर दिवसाची टिपसुद्धा बऱ्याच जहाजांवर आपोआप लागते (आपल्याकडे हॉटेलात टिप किती ठेवायची यावर टेबलावर परिषद भरते, तिथे विचारतही नाहीत). हिशोब होतो शेवटच्या रात्री. तोवर प्रवासी पैसे न देताच उतरून गेला तर काय, म्हणून जहाज तुमच्या कार्डावर काही रक्कम ‘होल्ड’ करतं. मंगल कार्यालयाची अनामत आठवा. भांडी मोजून होईपर्यंत ती कार्यालयवाल्याकडे, पण त्याच्या मालकीची नाही. होल्डमध्ये पैसे जात नाहीत, फक्त तुमची वापरायची मर्यादा तेवढ्याने कमी होते. पण बँकेचा मेसेज हुबेहूब खरेदीसारखाच येतो, आणि त्यात नाव असतं कंपनीच्या मुख्यालयाचं. रॉयल कॅरिबियनचं मुख्यालय मायामीत, एमएससीचं जिनिव्हात. सिंगापूरहून निघालेल्या माणसाच्या मोबाइलवर मायामी उमटलं की तो दचकणारच. भावोजींचा दोष नाही.

भावोजींनी कुलूप घातलं असतं तर मामला दहा मिनिटांचा होता. कार्ड लॉक करायचं, जहाजाच्या गेस्ट सर्व्हिस काउंटरवर जाऊन खात्याचा कागद मागायचा, रक्कम जुळली की लॉक काढायचं. पण त्यांनी फोनवर “कार्ड ब्लॉक करा” म्हटलं आणि पलीकडच्या मुलाने निमूटपणे भिंत बांधली. खोलीचं खातं अधांतरी लटकलं. ताईचं स्वतःचं कार्ड होतं, पण ते भावोजींच्याच खात्यावरचं अ‍ॅड-ऑन. अ‍ॅड-ऑन म्हणजे त्याच विहिरीवरचा दुसरा रहाट. मर्यादा एकच असते, त्यामुळे होल्ड लागला की दोघांचं पाणी एकदमच खाली जातं, आणि काही बँकांत मुख्य कार्डाबरोबर तेही थांबतं. त्यांचं थांबलं. शेवटी बरोबर नेलेले डॉलर काउंटरवर भरून खातं चालू झालं. बरीच जहाजं अशी रोख अनामत घेतात, हे माहीत असलेलं बरं.

गंमत अशी की ब्लॉक करूनही तो होल्ड जागचा हलला नाही. आधी मंजूर झालेली रक्कम लॉकने अडत नाही आणि ब्लॉकनेही अडेलच असं नाही. बँक जुन्या नंबराचा हिशोब नव्या नंबराला जोडून घेते आणि होल्ड आपल्या वेळेने सुटतो. कधी दोन-चार दिवसांत, कधी त्याहून बऱ्याच उशिरा. अंतिम बिल लागल्यावरही जुना होल्ड काही दिवस दिसत राहतो, तेव्हा ‘दोनदा पैसे कापले’ म्हणून माणसं घरी येऊन पुन्हा घाबरतात. होल्ड बिलाच्या स्टेटमेंटमध्ये येत नाही. स्टेटमेंटमध्ये दोन ओळी आल्या तरच भांडायला जायचं. डेबिट कार्ड मात्र जहाजाला देऊच नका. तिथे होल्ड तुमच्या खात्यातल्या खऱ्या पैशांवर लागतो आणि त्याच खात्यातून घराचा हप्ता जाणार असतो.

एवढं वाचून ‘मग कुलूपच बरं’ असं वाटलं असेल, तर आमच्या सोसायटीतल्या एका काकांचं ऐका. त्यांनी नेमकं उलटं केलं.

मुंबई-गोवा-लक्षद्वीप असा बेत होता. निघायच्या दोन दिवस आधी, बुधवारी, त्यांना एक डॉलरच्या परदेशी खरेदीचा मेसेज आला. अशी क्षुल्लक रक्कम म्हणजे अनेकदा चोराने दार ठोठावून पाहिलेलं असतं. चोरलेला नंबर चालतो का, हे तो आधी एक-दोन डॉलरने तपासतो आणि मग हात मारतो. काका तेव्हा घरीच होते, जहाजावर कार्ड नोंदवणंही अजून झालं नव्हतं. म्हणजे होल्डची शक्यताच नव्हती, हा सरळ चोरीचा वास होता. काकांनी कार्ड लॉक केलं आणि वर मला ऐकवलं, “बघा, आम्ही सावध आहोत.” बँकेला कळवलं का, असं मी विचारलं, तर म्हणाले, अ‍ॅपमध्ये लॉक केलं म्हणजे बँकेला कळलंच की.

नाही कळत. कुलूप तुम्ही स्वतःच्या सोयीसाठीही लावता, त्यावरून पोलीस चौकीत चोरीची नोंद होत नाही. लॉक ही तक्रार नाही. लॉक आणि ब्लॉकमधला सर्वांत महागात पडणारा फरक हाच. ‘हा व्यवहार माझा नाही’ असं सांगून कार्ड ब्लॉक करता तेव्हा तक्रारीचा नंबर मिळतो. लॉकने फक्त एक हिरवा ठिपका करडा होतो.

शुक्रवारी काका डेक्कन क्वीनने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले, तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर. क्रूझ टर्मिनलच्या काउंटरवर कार्ड मागितलं. कुलूप उघडणं भागच होतं. घाईत त्यांनी सगळेच स्विच एकदम चालू केले, परदेशी ऑनलाइनसकट, ज्याची मुंबई ते लक्षद्वीप काही गरज नव्हती. परदेशी संकेतस्थळावर ओटीपी न मागताही रक्कम जाऊ शकते, हे आपल्याकडे पुष्कळांना माहीत नसतं. ओटीपीची सवय झालेला माणूस ‘ओटीपी आलाच नाही, म्हणजे काही गेलं नाही’ असं धरून चालतो. मंगळवारी मुंबईत परतल्यावर मोबाइलला रेंज आली आणि अडकलेले मेसेज पडले. दोन व्यवहार, मिळून एक्केचाळीस हजार.

किल्ली चोराकडेही होती, असा त्याचा अर्थ. नंबर चोरीला गेला असेल तर लॉक उघडताच चोरही तुमच्या मागोमाग आत येतो. अशा वेळी भिंतच हवी, आणि ती निघायच्या आधीच घालून घ्यायची. दोन दिवसांत नवं कार्ड हाती आलं नसतं हे खरं. पण काकांकडे दुसऱ्या बँकेचं कार्ड होतं, कपाटात, ‘वार्षिक फी नको’ म्हणून न वापरलेलं.

पैशांचं काय झालं? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाची चौकट अशी: चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, कुठेतरी तिसरीकडून नंबर फुटला, आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. मेसेज मिळाल्याचा दिवस मोजायचा नाही. ४ ते ७ दिवस लावलेत तर काही भार तुमच्यावर येतो, ५ लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डासाठी कमाल १०,००० रुपये, त्यावरच्या मर्यादेला २५,०००. ७ दिवसांनंतर बँकेचं जे धोरण असेल ते. कळवल्यावर १० कामकाजी दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात परत दाखवायची आणि ९० दिवसांत प्रकरण निकालात काढायचं. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करणं बँकेचं काम. मात्र ओटीपी किंवा पिन तुम्हीच कुणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं.

सात दिवसांच्या क्रूझवर हे दिवस वितळून जातात. काकांनी मंगळवारी उतरताच बंदरावरूनच फोन केला, म्हणून मुदतीत बसले. तरी बँकेने विचारलंच, “बुधवारी संशय आला होता, तर शुक्रवारी कार्ड उघडलंत कसं?” दोन महिन्यांहून जास्त पत्रव्यवहार झाला. रक्कम मिळाली, पण काकांचा रक्तदाब अजून त्याचं व्याज भरतो आहे.

जहाजावरून कळवायचं कसं, हा निराळा प्रश्न. खोल समुद्रात फोन जहाजाच्या नेटवर्कला चिकटतो. त्याचे दर नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बहुधा बसत नाहीत. जहाजाच्या वायफायवर बँकेचं अ‍ॅप चालतं, पण ओटीपीचा मेसेज सिमवर येतो, वायफायवर नाही. त्यामुळे ट्रिपच्या तोंडावर मोबाइल बदलू नका, अ‍ॅप काढून पुन्हा घालू नका. नवी नोंदणी करायला सिमवरून मेसेज जावा लागतो आणि समुद्रात तिथेच गाडी अडते. लॉक अ‍ॅपमधून होतं, ब्लॉकही बहुतेक अ‍ॅपमध्ये असतं, शिवाय ‘हा व्यवहार माझा नाही’ असं ईमेलनेही लिहून ठेवा. तारीख आणि वेळ आपोआप पडते आणि पुढे तोच पुरावा होतो. बँकेचा १८०० ने सुरू होणारा टोल-फ्री नंबर परदेशातून लागत नाही. +९१ लावून चालणारा नंबर कार्डाच्या मागे किंवा बँकेच्या संकेतस्थळावर असतो. तो निघण्याआधी कागदाच्या डायरीत उतरवून घ्या आणि डायरी कार्डापासून वेगळी ठेवा. गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधू नका, तिथे चोरांनीही दुकानं मांडली आहेत. सायबर गुन्ह्यांचा १९३० हा नंबर आणि त्याचं संकेतस्थळ घरी थांबलेल्या मुलाला किंवा सुनेला सांगून ठेवा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटण्यासारखं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

परदेशात तातडीने बदली कार्ड मिळवून द्यायची सोय व्हिसा आणि मास्टरकार्डकडे असते. त्याला तुमच्या बँकेची संमती लागते, आणि कुरिअर बंदरावर पोचेपर्यंत जहाज पुढच्या बंदराला निघालेलं असतं. तिच्या भरवशावर राहण्यापेक्षा दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डं न्या. एक जहाजाला द्या. दुसरं लॉक करून खोलीतल्या तिजोरीत ठेवा.

ताईचं नवं कार्ड कोथरूडच्या पत्त्यावर दोनदा येऊन दाराला कुलूप बघून परत गेलं. भावोजी म्हणाले, “निदान ते कुलूप तरी मी बरोबर लावलं होतं.”