मळीतलं शेवटचं पाणी

गळीत हंगामात संकेश्वर जवळ आलं की गाडीच्या काचा बंद असल्या तरी आंबूस-गोड वास आत येतोच. मळीचा वास. साखर काढून घेतल्यावर कारखान्यात उरणारा हा काळा, चिकट पाक. गुऱ्हाळावरची काकवी आपण भाकरीशी खातो. मळी जिभेवर ठेवली तर आधी गोड लागते आणि मागून खारट-कडवट. त्या खारटपणाकडे शेवटी परत येऊ.

एक टन उसामागे साधारण 45 किलो मळी निघते आणि तिच्यापासून सुमारे 10 लिटर अल्कोहोल, म्हणजेच इथेनॉल. हे काम यीस्ट करतं. मळीत पाणी घालून यीस्ट सोडलं की दीड-दोन दिवस टाकी बुडबुडत राहते. 100 किलो ग्लुकोज घेतलं तर जास्तीत जास्त 51 किलो अल्कोहोल मिळतं, बाकीचे 49 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. अर्धं वजन गेलं म्हणून हळहळू नका. जाळल्यावर त्या साखरेतून जेवढी उष्णता मिळाली असती, तिच्यातली 97 टक्के त्या 51 किलोंत शाबूत असते. यीस्टने जणू ओझं टाकून दिलं आणि आग तेवढी जपून ठेवली. मला ही गोष्ट दरवेळी नव्याने थक्क करते.

खरी झुंज पुढे आहे. आंबलेल्या द्रावात अल्कोहोल जेमतेम 8-10 टक्के, बाकी बहुतेक पाणी. पाणी 100 अंशांना उकळतं, अल्कोहोल 78.4 ला, म्हणजे तापवत राहिलं की अल्कोहोल वेगळं होईल असं वाटतं. तसं होतंही, पण वजनाने 95.6 टक्क्यांपर्यंतच. तिथे पोचल्यावर दोघं एकमेकांना सोडत नाहीत. मिश्रण 78.2 अंशांना उकळतं आणि वाफेत पाण्याचं प्रमाण द्रवात असतं तेवढंच राहतं. डिस्टिलरीचा मनोरा आणखी दहा मजले चढवला तरी हे शेवटचं पाणी निघणार नाही. आणि ते काढल्याशिवाय भागत नाही, कारण पेट्रोलमध्ये पाणी वाढलं तर अल्कोहोल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर टाकीच्या तळाशी जातं. गाडी बंद पडायला तेवढं पुरतं.

पूर्वी यासाठी बेन्झिन घालत. ते कर्करोगाला कारण ठरणारं रसायन. आता झिओलाइट या सच्छिद्र पदार्थाचे मणी वापरतात. माझा मावसभाऊ डिस्टिलरीत कामाला आहे; त्याने एकदा मूठभर मणी आणून दाखवले. मळकट पांढरे, साबुदाण्यापेक्षा थोडे मोठे. त्यातले चार-पाच तळहातावर घेऊन मी पाण्याचे दोन थेंब टाकले, तर हाताला चांगलाच चटका बसला. मण्याने पाणी ओढून घेतलं की उष्णता बाहेर पडते, ती ही. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी या मण्यांची छिद्रं असतात. पाण्याचा रेणू त्यातून कसाबसा आत शिरतो, अल्कोहोलचा मोठा असल्याने बाहेरच राहतो. गरम वाफ मण्यांतून सोडली की पलीकडे 99.5 टक्क्यांहून शुद्ध अल्कोहोल निघतं. मणी भरले की दाब उतरवून त्यांना पाणी ओकायला लावतात. तोवर शेजारची टाकी काम करत असते. पंपावरच्या पेट्रोलमधलं इथेनॉल असा कोरडेपणा मिळवून आलेलं असतं.

इंधन हा त्याचा एकच उपयोग. हेच अल्कोहोल 300-400 अंशांना अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडवरून, म्हणजे अ‍ॅल्युमिनावरून नेलं की त्यातून पाण्याचा एक रेणू सुटतो आणि उरतो इथिलीन वायू. अ‍ॅल्युमिना बेळगावकरांना परका नाही, यमनापूरचा कारखाना तेच बनवतो. इथिलीनही परका नाही. अढीतला आंबा पिकवतो तो हाच. त्याच्यापासून ग्लायकॉल आणि ग्लायकॉलपासून पॉलिस्टर. उत्तराखंडात काशीपूरला मळीच्या अल्कोहोलपासून ग्लायकॉल बनवतात. म्हणजे बेळगावातल्या वडगावच्या मागावरचा एखादा कृत्रिम धागा उसापासूनही निघू शकतो.

आता तो खारटपणा. इथेनॉलच्या रेणूत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढेच असतात, आणि उसाने ते हवेतून आणि पाण्यातून घेतलेले असतात. त्यात मातीचं काहीच नाही. मुळांनी जमिनीतून उचललेलं पोटॅश साखरेत जात नाही, त्याचा बराच वाटा मळीत येतो आणि अल्कोहोल काढल्यावर स्पेंटवॉशमध्ये उरतो. एक लिटर अल्कोहोलमागे हे तांबूस-काळं पाणी 8 ते 15 लिटर निघतं. माझ्या लहानपणी ते आमच्या ओढ्यात यायचं. मासे उलटे होऊन तरंगायचे, म्हशी पाण्याला तोंड लावायच्या नाहीत. आम्हाला ती घाण वाटायची आणि ओढ्यासाठी ती होतीच. पण आमच्याच शेताचं पोटॅश त्या पाण्यातून वाहून जात होतं, हे मला रसायनशास्त्र शिकल्यावर कळलं. बाबा तेच पोटॅश दुकानातून पोत्याने विकत आणत होते, परदेशातून आलेलं.

हल्ली स्पेंटवॉश आटवून खास बॉयलरमध्ये जाळतात आणि त्याच्या राखेतून पोटॅश खत बनवतात. 2021 साली केंद्र सरकारने ते खत अनुदानाच्या यादीत घेतलं. त्यात पोटॅशचं प्रमाण 14.5 टक्के धरलेलं असतं. करड्या रंगाची ती पूड उसाच्या सरीत पडली की मुळं पुन्हा ती उचलायला लागतात.