कमी पटाची शाळा

पहिली ते चौथी किंवा पाचवीपर्यंतच्या सगळ्या वर्गांत मिळून जेमतेम वीसपर्यंत मुले असलेल्या सरकारी, बहुधा जिल्हा परिषदेच्या, शाळेला महाराष्ट्रात कमी पटाची शाळा म्हणतात. 2023 च्या सुमारास राज्यात अशा सुमारे 15 हजार शाळा होत्या. कोकणातल्या वाड्या, घाटमाथ्यावरची गावे आणि नंदुरबार-गडचिरोलीकडच्या आदिवासी वस्त्यांवर त्या जास्त आढळतात.

शाळेतल्या फळ्यावर मुले, मुली, एकूण अशा रकान्यांत पट आणि त्याखाली त्या दिवशीची उपस्थिती खडूने लिहिलेली असते. पोषण आहाराचा तांदूळ मुलामागे 100 ग्रॅम, तोही हजर मुलांपुरता निघतो. शिक्षकांची पदे मात्र पटावर ठरतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत 60 मुलांमागे दोन शिक्षक ठरवले. 61वे मूल आले की तिसरा. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेतल्या शिक्षकांच्या पदांच्या मंजुरीसाठी, 30 सप्टेंबरचा पट धरण्याची पद्धत रूढ आहे. म्हणून उन्हाळ्यात गुरुजी आणि बाई दाखलपात्र मुले शोधत घरोघर फिरतात. पट फुगवण्याचे प्रकारही याच हिशेबातून झाले, आणि ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर पटपडताळणी करावी लागली.

30 सप्टेंबर या तारखेची खरी अडचण बीडसारख्या ऊसतोड मजुरांच्या जिल्ह्यांत दिसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात. नाव पटावर राहते आणि मूल फडावर जाते, ते थेट हंगाम संपल्यावर परतते. हंगामी वसतिगृहे यासाठीच आहेत. पण धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली मुलगी बरोबर न्यावीच लागते, असे पालक सांगतात.

पट घसरण्यामागे घटलेला जन्मदर आणि शहराकडचे स्थलांतर आहेच. त्याहून डोळ्यांत भरते ती सकाळी वस्तीवर येणारी इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी. फी परवडणाऱ्यांची मुले तिच्यात बसतात. मागे उरतो तो भूमिहीन, दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त घरांतला आणि वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबांतला पट. घरात एकाचीच फी भरता येत असेल, तर ती बहुधा मुलाची भरली जाते. त्यामुळे काही शाळांत मुलीच अधिक. अर्थात उलटेही घडते: पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षा यादी लागली.

2017 च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे 1,300 शाळा जवळच्या शाळांत समायोजित करण्याचा निर्णय झाला. 2023 मध्ये पानशेत आणि तोरणमाळच्या धर्तीवर समूह शाळांची, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याची, कल्पना पुढे आली. दोन्ही वेळा विरोध झाला तो अंतरावरून. नकाशावरचे एक-दोन किलोमीटर पावसाळ्यात ओढा ओलांडून जायचे असतात, आणि सहा वर्षांच्या मुलीला तिकडे एकटी कोण धाडणार? गोव्यातल्या मराठी सरकारी प्राथमिक शाळांपुढेही विलीनीकरणाचा हाच प्रश्न आहे.