रोजच्यापेक्षा तीन किलोमीटर जास्त

"दिवसभर घरात पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरते मी. आणखी वेगळं काय चालायचं?" डॉक्टरांनी बीपीसाठी चालायला सांगितलं की साठीच्या पुढच्या बायका हमखास असं म्हणतात. माझी आत्याही म्हणते, आणि तिचं म्हणणं खोटं नाही. ओट्यापासून गॅलरीपर्यंत, गॅलरीतून देवघरात, बेल वाजली की दाराशी अशी तिची पावलं दिवसभर पडतच असतात.

या वाक्याला नेमकं उत्तर देणारा एक अभ्यास अमेरिकेत टेनेसी विद्यापीठात झाला. केरी मोरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2001 साली प्रसिद्ध केला. पाळी गेलेल्या आणि बीपी थोडं चढं असलेल्या 24 बायका त्यात होत्या. त्यांची रोजची पावलं आधी पेडोमीटरने मोजली. घरकाम, बाजार, येणं-जाणं सगळं धरून पावलं भरली सुमारे 5400. म्हणजे या बायका काही बसून नव्हत्या. मग त्यांतल्या 15 जणींना नेहमीच्या चालण्यात रोज तीन किलोमीटरची भर घालायला सांगितलं. बाकीच्या नऊ जणींनी काहीच बदल करायचा नव्हता.

भर घालणाऱ्यांची पावलं 9700 च्या आसपास गेली. बारा आठवड्यांनी त्यांचा वरचा आकडा 6 ने उतरला आणि चोवीस आठवड्यांनी आणखी 5 ने, म्हणजे सहा महिन्यांत एकूण 11. नऊ जणींचं बीपी होतं तिथेच राहिलं. चालणाऱ्यांचं वजन जेमतेम सव्वा किलो घटलं होतं आणि त्या घटीचा बीपीशी काही मेळ लागला नाही. "इतकं चालते तरी वजनकाटा हलत नाही" म्हणून चालणं सोडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना हे कुणीतरी आवर्जून सांगायला हवं.

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. घरातली पावलं शरीराने आधीच हिशेबात धरलेली असतात, त्यांच्यासकट बीपी चढलेलं असतं. ते उतरतं वर घातलेल्या भरीमुळे.

या वयात वरचाच आकडा का चढतो? हृदयातून निघणारी महाधमनी तरुणपणी लवचिक असते. प्रत्येक ठोक्याला ती फुगते, रक्ताचा धक्का झेलते आणि मग आक्रसून रक्त पुढे ढकलते. वय वाढतं तशी ती ताठरते. धक्का झेलायला कुणी नसलं की ठोक्याच्या क्षणी दाब उंच उडतो, म्हणून वरचा आकडा वाढतो. खालचा तिथेच राहतो, कधी उलट कमी होतो. बायकांच्या बाबतीत पाळी जाण्याचीही यात भर पडते. इस्ट्रोजेनमुळे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटायला मदत होते. हाच वायू वाहिन्यांना सैल होण्याचा निरोप देतो. त्याचं हे काम शोधल्याबद्दल 1998 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दिलं गेलं. पाळी गेली की इस्ट्रोजेनचा हा आधार सुटतो.

चालताना पायांकडे रक्त जोराने धावतं आणि अस्तरावरून घासत जातं. त्या घासण्यामुळेच अस्तर पुन्हा नायट्रिक ऑक्साइड सोडू लागतं. एकदा चालून आल्यावरही काही तास बीपी थोडं खाली राहतं. वाहिन्यांची सवय बदलायला मात्र आठवडे, महिने लागतात. दुसऱ्या आठवड्यात मशीनवर फरक दिसला नाही म्हणून हिरमुसायचं कारण नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. 24 बायकांचा अभ्यास लहानच. 2021 साली चालणं आणि रक्तदाब यांवरच्या 73 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा वरच्या आकड्यातली घट सरासरी 4 च्या आसपास निघाली. चार म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण सुमारे दहा लाख माणसांच्या नोंदींवरून 2002 साली दिसलं होतं, की मध्यम वयात वरचा आकडा नुसता 2 ने कमी असला तरी पक्षाघाताने होणारे मृत्यू सुमारे 10 टक्के कमी असतात.

चालण्याहून मोठा हात मिठाचा आहे. 2001 सालच्याच कोलोरॅडोतल्या एका अभ्यासात अशाच वयाच्या, बीपी चढं असलेल्या काही बायका तीन महिने चालल्या आणि काहींनी फक्त मीठ कमी केलं. चालणाऱ्यांचा वरचा आकडा 5 ने उतरला, मीठ कमी करणाऱ्यांचा 16 ने! चालून आल्यावर वरणभाताशी पापड आणि लोणच्याची मोठी फोड घेणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

तीन किलोमीटर एका दमात चालायला हवेत असं नाही. दिवसभरात तुकड्या-तुकड्याने केलेली हालचालही धरली जाते. सकाळी पंधरा मिनिटं, दुपारचं ऊन उतरल्यावर पंधरा, जेवणानंतर पंधरा, असं केलं तरी साधारण तेवढं होतं. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. दहा हजार पावलांचा धसका घेऊ नका. तो आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पेडोमीटरच्या नावातून रूढ झाला. सरासरी 72 वयाच्या सुमारे 16,700 अमेरिकन बायकांच्या 2019 च्या अभ्यासात, रोज 2700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण 41 टक्के कमी होतं.

छातीत दुखत असेल, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असणाऱ्यांनी उन्हात चालणं टाळावं. चालायला लागलो म्हणून बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

आणि मोजताना, जिना चढून आल्या-आल्या मोजू नका. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, पाय जमिनीला टेकलेले, हात छातीच्या उंचीवर. ब्लाउजची बाही घट्ट असेल तर ती वर सरकवून दंडावर करकोचा पाडू नका, सैल बाहीचं काहीतरी घाला आणि पट्टा उघड्या दंडावर बांधा. आकडा तारखेसकट वहीत लिहून ठेवा. बारा आठवड्यांनी ती पानं डॉक्टरांना दाखवायची आहेत.